परत फिरता येईल अशी चूक

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे तंबाखू आणि तरुण पिढी या एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. त्यांतले पहिले पत्र इतके नेटके आहे की त्याच्या उत्तराला या सदराची निम्म्याहून अधिक जागा द्यावी लागली. इतर विषयांवर लिहिणाऱ्या वाचकांनी समजून घ्यावे. त्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेतले जातील.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये स्लाव येथे राहतो. माझ्या मुलाचा जन्म फेब्रुवारी २००९ मधला आणि माझ्या मेव्हण्याच्या मुलीचा डिसेंबर २००८ मधला. दोघे एकाच शाळेत, एकाच इयत्तेत शिकतात. येथील तंबाखू व व्हेप विधेयकाप्रमाणे १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखू कधीच विकता येणार नाही. म्हणजे भाचीला अठराव्या वर्षी दुकानात सिगारेट मिळेल आणि माझ्या मुलाला साठाव्या वर्षीही मिळणार नाही. मी स्वतः कॉलेजात असताना सिगारेट ओढू लागलो, अकरा वर्षे ओढली आणि मुलाच्या जन्माआधी सोडली. कोणत्याही कायद्याने ती सोडवली नाही. ठेच लागल्याखेरीज माणूस शहाणा होत नाही, असे माझे वडील म्हणत. मुलांना ठेचच लागू द्यायची नाही असे सरकारने ठरवले, तर ती मोठी कधी व्हायची? मला हा कायदा मुलांचा अपमान वाटतो. आपले मत काय? (एक वाचक, स्लाव)

उत्तर : आपल्या पत्रातला ‘अपमान’ हा शब्द मी बाजूला ठेवणार नाही, कारण या वादात मुळातला प्रश्न तोच आहे. मात्र त्याआधी हा कायदा नेमके कोणाला काय करू नको म्हणतो, ते पाहिले पाहिजे.

ही कल्पना सिंगापूरच्या काही अभ्यासकांनी २०१० मध्ये मांडली. विक्रीचे किमान वय अठरावर थांबवून न ठेवता, एका ठरावीक वर्षापासून पुढे जन्मलेल्यांना तंबाखूची विक्री कायमचीच बंद करायची, म्हणजे आज ओढणाऱ्या कोणाचीही सिगारेट हिसकावून न घेता ही सवय दरवर्षी एकेका वर्षाने म्हातारी होत जाईल, असा त्यांचा हिशेब होता. इंग्लंडमध्ये जावेद खान यांनी जून २०२२ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात विक्रीचे वय दरवर्षी एका वर्षाने वाढवत न्यावे अशी शिफारस केली. ऋषी सुनक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात ती उचलून धरली आणि एप्रिल २०२४ मध्ये कॉमन्स सभागृहात विधेयकाचे दुसरे वाचन ३८३ विरुद्ध ६७ मतांनी पार पडले. सुनक यांच्याच पक्षाच्या ५७ खासदारांनी त्या दिवशी विरोधात मत दिले. माजी पंतप्रधान लिझ ट्रस त्यांत होत्या आणि प्रौढ माणसाला प्रौढासारखे वागवावे हा त्यांचा युक्तिवाद आपल्या पत्रातल्या युक्तिवादापासून फार दूर नव्हता. पुढे निवडणूक लागली, विधेयक बारगळले आणि सत्तांतरानंतर मजूर पक्षाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सुधारून पुन्हा मांडले. एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या दोन पक्षांना एकच विधेयक आपले वाटावे, हे दृश्य तुमच्या देशात काय किंवा आमच्या देशात काय, रोज दिसणारे नाही.

या विधेयकात गुन्हा आहे तो विकणाऱ्याचा, आणि बंदी असलेल्या मुलासाठी विकत आणून देणाऱ्याचा. ओढणाऱ्याचा नाही. आपला मुलगा उद्या मित्राच्या घराच्या गच्चीवर सिगारेट ओढताना सापडला, तर त्याला दंड नाही, खटला नाही, नावापुढे नोंद नाही. म्हणजे चूक करायची मुभा कायद्याने त्याच्याकडून काढून घेतलेली नसून, त्याच्या चुकीवर पैसे कमावण्याची मुभा दुकानदाराकडून आणि पर्यायाने कंपनीकडून काढून घेतली आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मालदीवने १ नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ नंतरच्या पिढीवर जी बंदी घातली, तिच्यात विकत घेणे आणि वापरणे हेही निषिद्ध आहे. तसा कायदा असता तर मी आपल्या बाजूने उभा राहिलो असतो. भूतानचे उदाहरण तर सांगण्यासारखे आहे. त्या देशाने २००४ मध्ये तंबाखूची विक्री बंद केली, २०१० मध्ये कडक कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सीमेपलीकडून थोडीशी खाण्याची तंबाखू आणली म्हणून एका तेवीस वर्षांच्या भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याने आणलेल्या तंबाखूची किंमत शेदीडशे रुपयांच्या घरात होती. करोनाच्या काळात भारतातून होणाऱ्या चोरट्या आयातीने हैराण होऊन २०२१ मध्ये भूतानने ती विक्रीबंदीच उठवली. चूक करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारा कायदा चुकीपेक्षा जास्त नुकसान करतो, हे त्या भिक्षूच्या तीन वर्षांत पुरेसे दिसते.

आता ठेचेविषयी. आपल्या वडिलांचे म्हणणे मला मान्य आहे, पण आपल्या भाषेतली जुनी म्हण त्याहून एक पाऊल पुढे गेलेली आहे: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. प्रत्येकाने आपापला अंगठा फोडून घ्यावा असे ती म्हणत नाही. शिवाय ठेचेचे तीन गुण असतात, आणि ते असल्यामुळेच ती शिकवते. ती लागताक्षणी दुखते, त्यामुळे कोणत्या दगडाने दुखले ते कळते. ती चार दिवसांत भरून येते. आणि ती लागल्यावरही पाय आपल्याच मालकीचा राहतो, म्हणजे पुढचे पाऊल कोठे टाकायचे ते आपण ठरवू शकतो. तापलेल्या तव्याला हात लावणारे मूल, अभ्यास न करता परीक्षेला बसणारा विद्यार्थी, पहिला पगार पंधरा दिवसांत उडवून उरलेला महिना उधारीवर काढणारा तरुण, हे सगळे अशाच चुकांतून शहाणे होतात आणि त्यांना त्या करू द्याव्यात, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तंबाखूपाशी हे तिन्ही गुण गळून पडतात. पहिल्या झुरक्याला येणारा ठसका हा तिचा एकमेव प्रामाणिक धडा, आणि तोही दोन-चार सिगारेटींत नाहीसा होतो. पुढची किंमत कळते ती पंचवीस-तीस वर्षांनी. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून सुमारे ३४ हजार ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची पाहणी सुरू केली आणि पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरतात, असे त्यातून दिसले. साठाव्या वर्षी सोडली तर सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीला सोडली तर सहा, चाळिशीला नऊ, आणि तिशीला सोडली तर जवळजवळ सगळीच दहा. आपण दिलेल्या तपशिलावरून आपण तिशीच्या आसपास सोडली असावी, याचा मला मनापासून आनंद आहे. पण म्हणूनच आपला दाखला या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. सुटलेला माणूस पत्र लिहितो. ज्यांना सुटता आले नाही त्यांतले पुष्कळजण पत्र लिहायला शिल्लक नाहीत, आणि जे आहेत ते ‘उद्यापासून सोडतो’ या वाक्यापाशी अडलेले आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, एकदा सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोक काही काळ तरी रोज ओढणारे झाल्याचे आढळले. ज्या वाटेने तिघांपैकी दोघे लगेच परत फिरत नाहीत, तिला शिकवणारी चूक म्हणताना माझी जीभ अडखळते.

मिल या तत्त्वज्ञाला, ज्याच्या विचारांवर आपले आगरकर पोसले, याच ठिकाणी अडखळावे लागले होते. माणसाने स्वतःचे बरेवाईट स्वतः ठरवावे असे सांगता सांगता त्याने एक अपवाद केला: स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य कोणाला असू शकत नाही, कारण त्या एका निर्णयाने पुढचे सगळे निर्णय संपतात. निकोटिन म्हणजे गुलामगिरी असे मी म्हणणार नाही, ती अतिशयोक्ती होईल. आपणच तिच्यातून बाहेर पडून दाखवले आहे. परंतु वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी घेतलेला एक निर्णय पुढच्या चाळीस वर्षांचे निर्णय आपल्या बाजूला ओढत राहतो, एवढे तरी मान्य करावे लागते.

येथवर मी आपल्या विरोधात बोललो. आता जेथे आपण बरोबर आहात तेथे येतो, आणि ती जागा म्हणजे आपली भाची. वयाच्या अटी आपल्याला नव्या नाहीत. पण आजवरची प्रत्येक अट ही उंबरठ्यासारखी होती, आज ना उद्या सगळेच तो ओलांडत. ही अट भिंतीसारखी आहे. २०५० मध्ये एखादा दुकानदार बेचाळीस वर्षांच्या बाईंचे ओळखपत्र पाहून त्यांना पाकीट देईल आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, त्यांच्याहून दोन महिन्यांनी लहान असलेल्या गृहस्थांना नाही म्हणेल. इतकेच नव्हे, तर त्या बाईंनी मामेभावासाठी दोन सिगारेटी विकत घेतल्या तर गुन्हा त्यांच्यावर दाखल होईल. हे हास्यास्पद दिसेल, आणि हास्यास्पद दिसणारे कायदे फार काळ पाळले जात नाहीत. मलेशियाने २००७ पासून जन्मलेल्यांसाठी असेच विधेयक आणले होते. प्रौढ नागरिकांत असा भेद संविधानातल्या समानतेत बसत नाही, असे तेथील महान्यायवादींचे मत पडल्यावर २०२३ मध्ये ती तरतूद गाळण्यात आली. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन या छोट्या गावाने २००० नंतर जन्मलेल्यांसाठी केलेला नियम त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये उचलून धरला. म्हणजे न्यायाच्या कसोटीवर दोन्ही बाजूंनी बोलता येते.

माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. हा भेद आहे, तो बोचणारा आहे, आणि तरीही मी तो पत्करीन, कारण भाचीला जे मिळणार आहे ते आपल्या मुलाने हेवा करावा असे नाही. तिचे स्वातंत्र्य अधिक आहे असे म्हणण्यापेक्षा तिचे संरक्षण कमी आहे असे म्हणणे मला वस्तुस्थितीला धरून वाटते. मात्र उद्या कोणी हीच युक्ती मिठाईला, तळलेल्या पदार्थांना किंवा बिअरला लावू म्हणेल, तर माझा पाठिंबा तेथे येणार नाही. विकणाऱ्याला अपेक्षित असलेल्या पद्धतीनेच दीर्घकाळ वापरली असता निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांचा जीव घेते अशी दुसरी वस्तू किराणा दुकानात नाही.

न्यूझीलंडचा उल्लेख आपल्या मित्रमंडळींत होत असेल. तेथे डिसेंबर २०२२ मध्ये असाच कायदा झाला, त्यात सिगारेटमधले निकोटिन कमी करण्याची आणि विक्रीची सुमारे सहा हजार दुकाने सहाशेवर आणण्याचीही तरतूद होती, आणि अंमल सुरू होण्याआधीच फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या आघाडी सरकारने तो रद्द केला. त्यामुळे ‘तेथे फसला’ असेही म्हणता येत नाही आणि ‘तेथे जमला’ असेही नाही. काळ्या बाजाराची भीती रद्द करण्याच्या कारणांत होतीच, पण करकपातीसाठी लागणाऱ्या पैशाशीही नव्या अर्थमंत्र्यांनी या निर्णयाचा संबंध उघडपणे जोडला होता. नागरिकांच्या स्वातंत्र्याविषयी कोणी सरकार फार कळवळून बोलू लागले की तिजोरीकडे एकदा नजर टाकावी, अशी मला खोड आहे.

शेवटी घरातली गोष्ट. आपला मुलगा सिगारेटीपर्यंत पोहोचण्याची शक्यता तशी कमी आहे, व्हेपपर्यंत पोहोचण्याची जास्त आहे. एकदा वापरून फेकायचे व्हेप तेथे १ जून २०२५ पासून बंद झाले असले, तरी जन्मवर्षाची भिंत व्हेपला लागू नाही. त्याबाबत कायदा आपल्या मदतीला फारसा येणार नाही. तेव्हा त्याला आपल्या अकरा वर्षांविषयी सांगा, पण सोडल्याचा पराक्रम सांगू नका. त्याआधी किती वेळा सोडली आणि पुन्हा धरली, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःविषयी काय वाटायचे, आणि कोणाशी खोटे बोलावे लागले, ते सांगा. बाकी पैशांच्या, मैत्रीच्या, अभ्यासाच्या चुका त्याला भरपूर करू द्या, आणि त्या करताना मध्ये पडू नका. माझ्या अनुभवात, धूम्रपानाबाबत ‘मुलांना शिकू द्या’ म्हणणारे पालक पुष्कळदा मुलाला शाखा मात्र स्वतःच निवडून देतात. हे आपल्याला उद्देशून नाही.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. मी सिगारेट ओढत नाही आणि ओढण्याची इच्छाही नाही. तरीही जन्मतारखेवरून बंदी घालण्याला माझा विरोध आहे. मी मत देऊ शकतो, लष्करात जाऊ शकतो, कर्ज काढू शकतो. मग माझ्या फुप्फुसांचा निर्णय मला का घेता येऊ नये? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपल्याला ज्या गोष्टीची इच्छा नाही तिच्या स्वातंत्र्यासाठी भांडणारा माणूस मला आवडतो. आणि वयाच्या अटींतली विसंगती तर आपल्या राज्यात तुम्ही म्हणता त्याहून मोठी आहे. मुलाला मत अठराव्या वर्षी देता येते, लग्न एकविसाव्या वर्षी करता येते, बिअरही एकविसाव्या वर्षी पिता येते, पण कडक दारूसाठी महाराष्ट्रात पंचवीस वर्षे पूर्ण लागतात, आणि मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे पिणाऱ्याकडे परवानाही लागतो. हा परवाना किती जणांकडे असतो, हे पुण्यात राहून तुम्हाला मी सांगायला नको. पाळला जाणार नाही हे ठाऊक असताना केलेला नियम तरुणांना एकच गोष्ट शिकवतो, ती म्हणजे नियम हे पोलिसाने गाठले तरच खरे असतात. ब्रिटनसारखा कायदा उद्या येथे नुसता कागदावर आणला, तर तुमच्याबरोबर मीही त्याला विरोध करीन.

पण तुमच्या युक्तिवादात एक गृहीतक आहे, की निर्णय एकोणिसाव्या वर्षी घेतला जातो. तसे सहसा घडत नाही. बहुतेक सिगारेट ओढणारे सुरुवात करतात ती वयाची विशी गाठण्याआधी, पुष्कळदा अठराच्याही आधी, वर्गातल्या कोणाच्या तरी भरीला पडून. कायद्याने ज्या दिवशी त्यांना निवडीचा हक्क मिळतो, त्या दिवशी निवड आधीच होऊन गेलेली असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत भारतातल्या निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार किंवा बेत असल्याचे सांगितले. निवडलेल्या गोष्टीविषयी निम्म्या लोकांना अशी भावना असेल, तर निवड हा शब्द जरा सैलपणे वापरला जात आहे. तुम्ही मात्र खरोखरीच निवड केली आहे, न ओढण्याची, आणि ती करताना तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

प्रश्न : मी सोलापुरात माध्यमिक शाळेत शिकवते. शाळेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर दोन टपऱ्या आहेत आणि सातवी-आठवीची मुले तेथून पुड्या घेतात. भारतात असा पिढीबंदीचा कायदा का करत नाहीत? (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : बाई, नव्या कायद्याआधी आपल्या हातात असलेले कायदे मोजून पाहू. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरपर्यंत, ती विकताच येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यावरही आहे. ई-सिगारेट तर २०१९ पासून देशभर बंद आहे. शेजारच्या कर्नाटकाने विक्रीचे वय एकवीसवर नेले आहे. यादी लांबलचक आहे, आणि आपल्या फाटकाबाहेरच्या टपऱ्या तरीही चालू आहेत.

लहानपणी आजोबांसाठी विड्यांचा कट्टा आणायला घरातून मलाच पाठवत असत, आणि दुकानदार उरलेल्या पैशांची गोळी हातावर ठेवत असे. त्या वेळी कायदा नव्हता. आज कायदा आहे आणि तरी कोपऱ्यावरच्या पोराला ‘जा रे, एक पुडी घेऊन ये’ म्हणणारे काका प्रत्येक गल्लीत आहेत. ते काका बदलले नाहीत तर जन्मतारीख तपासायला टपरीवाल्याला सांगून काय होणार?

दुसरी अडचण आकड्यांत आहे. ब्रिटनचा प्रश्न सिगारेटचा आहे. त्याच २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के होते आणि धूर न काढता तंबाखू खाणारे वा लावणारे २४.४ टक्के. आपल्याकडचा शत्रू चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा, मिश्री आणि नाव बदलून आलेला गुटखा हा आहे. गुटखा बंद झाल्यावर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी अशी जोडी विकली जाऊ लागली. गिऱ्हाईक तळहातावर दोन्ही एकत्र करते, आणि गुटखा तयार होतो. हे आपण रोज पाहत असाल.

तरी पिढीबंदीच्या बाजूचा एक मुद्दा सोलापुरातच चांगला कळेल. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया घरी बसून विड्या वळत असतील. तंबाखू एका रात्रीत बंद करा म्हणणाऱ्याने त्यांच्या हजार विड्यांच्या मजुरीचे काय, याचे उत्तर दिले पाहिजे, आणि ते कोणी देत नाही. जन्मवर्षावरून केलेल्या बंदीत गिऱ्हाईक एकदम तुटत नाही, चाळीस-पन्नास वर्षांत विरत जाते. म्हणजे आज वळणारी बाई आपले आयुष्यभराचे काम करून निवृत्त होऊ शकते, आणि तिच्या मुलीने सूप मांडीवर घेण्याआधी तिला दुसरे काम शोधायला सरकारला पुरेसा अवधी मिळतो. तो अवधी सरकार वापरील का, हा प्रश्न वेगळा.

सध्यापुरते असे करा. शाळेबाहेर शंभर यार्डांच्या मनाईचा फलक लावणे संस्थाप्रमुखांवर बंधनकारक आहे, तो नसेल तर आधी लावून घ्या. मग अंतर मोजून, फोटोसह, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने पोलीस ठाण्याकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. एकट्या शिक्षिकेच्या नावाने तक्रार करू नका. टपरीवाला ओळखीचा असतो आणि संध्याकाळी घरी जायचा आपला रस्ताही तोच असतो.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी मिश्री लावते. माझा नातू नववीत आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली. मी रागावले तर म्हणाला, ‘आजी, तू पण लावतेसच की.’ मी गप्प बसले. आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू? (एक आजी, सातारा जिल्हा)

उत्तर : आजी, याच तोंडाने सांगा, आणि आज संध्याकाळीच सांगा. ‘मला कोणी अडवले नाही, सासूबाईंनीच तव्यावर भाजून दिली, आणि आता पन्नास वर्षांनी सकाळी उठल्याबरोबर ती लावल्याशिवाय मला काही सुचत नाही,’ हे त्याला दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. आपण खोटे ठरत नाही. या घरात तंबाखूविषयी सगळ्यांत जास्त माहिती आपल्यालाच आहे.

मग त्याला बरोबर घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि दोघांचीही तोंडे तपासून घ्या. गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा, तिखट लागले की होणारी आग, किंवा तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटे उभी आत न मावणे, यांपैकी काही आढळले तर मुळीच थांबू नका. सोडताना त्रास होतो, त्यासाठी १८००-११२-३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशक बोलतात. फोन लावायचे काम नातवाला सांगा.

आणि मिश्रीची डबी त्याच्याच ताब्यात द्या. दिवसाला किती वेळा मागितली ते त्याने वहीत लिहायचे, त्याला पुडीची आठवण किती वेळा झाली ते आपण विचारून त्याच पानावर दुसऱ्या बाजूला लिहायला लावायचे. पहिल्या आठवड्यात आपलाच आकडा मोठा असेल. असू द्या. महिन्याभराने वहीत काय दिसते ते या सदराला कळवा.